डबीरभाऊंचा रुपया

आमच्या स्वयंपाकघरात, सिंकच्या पायथ्याशी, जमिनीलगत एक जाळी आहे. हिवाळ्यात तिच्यातून फर्नेसची गरम हवा येते. आणि वीस वर्षं, रोज सकाळी सात वाजता, त्याच जाळीतून रुपयाचा भाव यायचा.

"एकसष्ट चाळीस, पुणेकर," बेसमेंटमधून डबीरभाऊंचा आवाज वर चढायचा. "काल एकसष्ट बारा होता. घे आता चहा."

जणू भाव कळल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नव्हता. मी वाकून जाळीत तोंड घालून "बरं, भाऊ" म्हणायचो. घरी कुणी राहायला आलेलं असलं की सिंकशी बोलणाऱ्या यजमानाकडे ते चमकून पाहायचे. मेधा, म्हणजे आमची बायको, त्यांना सांगायची, "खाली भाडेकरू आहेत." एवढ्यानं काही खुलासा व्हायचा नाही, पण पाहुणे दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत.

पद्माकर डबीर मूळचे नागपूरचे. दोन वर्षांच्या कंत्राटावर टोरांटोतल्या एका कंपनीत आले, बरोबर नलूवहिनी आणि सहा वर्षांची जुई. आम्ही तेव्हा रिचमंड हिलमध्ये नुकतंच घर घेतलं होतं. घर घेतलं होतं म्हणजे बँकेनं घेतलं होतं आणि आम्हाला राहू दिलं होतं. हप्ता असा होता की महिन्याच्या वीस तारखेनंतर आम्ही जेवायला मित्रांकडे जायचो. त्यामुळे बेसमेंटसाठी कुणीतरी मराठी माणूस येतोय म्हटल्यावर मी दारातच त्यांची बॅग धरली.

"फक्त मार्चपर्यंत हं," डबीरभाऊ जिना उतरता उतरता म्हणाले. "मार्चनंतर बघू. तसंही आपल्याला परतच जायचंय."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर एक जाडजूड लॅपटॉप होता आणि त्यात घरगुती हिशेबाचं सॉफ्टवेअर. भाऊंनी ते इतक्या भक्तीनं उघडलं की मी नकळत चप्पल काढली. नवीन फाईल सुरू करताना त्यानं एक प्रश्न विचारला होता: तुमचं मूळ चलन कोणतं? बाकी चलनं किती का असेनात, सगळ्यांची बेरीज या एका चलनात दिसणार. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही निवड नंतर बदलता येत नाही.

"बदलायची कोणाले आहे?" भाऊ म्हणाले, आणि रुपयावर बोट ठेवलं.

पगार डॉलरमध्ये, भाडं डॉलरमध्ये, दूध, बस, जुईचे स्नो-बूट, सगळं डॉलरमध्ये. बेरीज रुपयात. मी बिचकत विचारलं, "भाऊ, राहतो आपण इथे, मग हिशेब..."

"हे बघ, डॉलर पाहुणा आहे. रुपया घरचा. पाहुण्याच्या पायलीनं घरचं धान्य मोजत नसतात."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. दुसरं आवडतं वाक्य अधिक छोटं होतं: "रुपयात बोल." तुम्ही त्यांना काहीही सांगा, पगारवाढ, ट्रॅफिकचा दंड, मुलाच्या हॉकीची फी, ते डोळे मिटून म्हणायचे, "रुपयात बोल." मग आपण गुणाकार करेपर्यंत त्यांचाच झालेला असायचा आणि ते हळहळायचे. त्यांची हळहळ फार प्रामाणिक असायची. मी एकदा ऑफिसच्या वाटेवर दोन डॉलरची कॉफी प्यालो असं बोलून गेलो, तर महिनाभर ते मला भेटले की छातीवर हात ठेवत. कॉफी मी प्यायलो होतो आणि जळजळ त्यांना होत होती.

त्या फाईलीचा प्रताप असा की कॅनडात त्यांना कधीच काही परवडलं नाही. केस नलूवहिनी कापायच्या. बाहेरचं जेवण मराठी मंडळाच्या गणपतीत, कारण ते वर्गणीत धरलेलं. विंटर टायर घ्यायची वेळ आली तेव्हा तर त्यांनी मला कागद दाखवला. "चाळीस हजार. चार चाकांचे. एवढ्या पैशात माझ्या बापानं अख्खी स्कूटर घेतली होती. अन् तिच्यावर आम्ही पाच जणं बसत होतो."

"पण नागपुरात बर्फ कुठे पडतो, भाऊ?"

"म्हणून तर म्हणतो, परत जायचंय."

पुढच्याच डिसेंबरात त्यांची गाडी उन्हाळी टायरांवर आमच्या उतारावरून अत्यंत संथपणे, कुणालाही दोष न देता, घरंगळत आली आणि गॅरेजचं दार घेऊन आत गेली. दाराचे पैसे त्यांनी दुसऱ्याच दिवशी चुकते केले. पण ते पैसे फाईलमध्ये भरताना रुपयातला आकडा पाहून त्यांना जो घाम फुटला तो मी पाहिला आहे. वहिनींनी त्यांना गूळपाणी दिलं.

आता तुम्हाला वाटेल, असा माणूस कायम दुःखी असेल. तसं नव्हतं. कारण रुपया घसरायचा. मूळ चलन रुपया असल्यामुळे इथल्या बँकेतले डॉलर जागच्या जागी बसून फुगायचे. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळा रकाना होता, हाती न आलेल्या नफ्याचा. भाऊ देशभक्त माणूस. पंधरा ऑगस्टला बेसमेंटमध्ये झेंडा लावायचे. पण रुपया आपटला की त्या दिवशी जाळीतून भावाबरोबर तुपात भाजल्या जाणाऱ्या रव्याचा वासही यायचा.

"देशाचं पार वाटोळं करून राहिले हे लोक," शिऱ्याचा घास तोंडात धरून ते मला सांगायचे. "एका रात्रीत एक रुपया खाली. काय राहिली पत? अजून घे, बेदाणे भरपूर टाकलेत. अन् आपले, साधारण, दोन लाख वाढले."

"काढून घ्या मग दोन लाख, भाऊ. वहिनींना काहीतरी घ्या."

"हा नफा काढायचा नसतो, पुणेकर. फक्त बघायचा असतो."

त्यांना हसायचा मला अधिकार किती, हेही सांगून टाकतो. त्यांच्याच आग्रहानं मीही ते सॉफ्टवेअर घेतलं. पुण्यात आईच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त करायची होती, म्हणून मी दीड लाख रुपये पाठवले आणि मोठ्या ऐटीत नोंद केली. नोंद केली इथल्या खात्यावर. चलन बदललंच नाही. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलेलं ऐकणारं. त्यानं माझ्या खात्यातून दीड लाख डॉलर वजा केले. मी बँकेत पाहायच्या ऐवजी फाईल पाहत बसलो आणि आठ दिवस लाल अक्षरातला तो आकडा उरावर घेऊन फिरलो. घरात कुणाला सांगितलं नाही. फक्त आमच्या ओंकारचे हॉकीचे नवे स्केट्स रद्द केले, डबा न्यायला सुरुवात केली आणि मेधाला विचारलं की तुझ्या बांगड्या साधारण किती तोळ्यांच्या असतील. त्यावरून तिला संशय आला. माझ्या आजारपणाचा.

शेवटी डबीरभाऊंना शरण गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एकदा पाहिलं.

"चलन कोणतं टाकलं?"

एका क्षणात मी कर्जमुक्त झालो. "एका डब्यात दोन भाज्या भरल्या की एकीचीही चव राहत नाही," भाऊ म्हणाले. हे वाक्य ते तिथेच सोडून देते तर मी त्यांना गुरू मानलं असतं. पण पुढची दहा वर्षं प्रत्येक गणपतीला, आरती आणि प्रसादाच्या मधल्या वेळात, त्यांनी ही लिफ्टची कथा सांगितली. लोक आपल्या मुलांना घेऊन ऐकायला येत.

त्याच दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. पैसे इथून तिथे पाठवले की दोन्ही बाजू कधीच तंतोतंत जुळत नाहीत. आपण नोंदवलेला भाव एक, बँकेनं दिलेला दुसरा. मधे पाच-पंचवीस रुपये कुठेतरी गळतात. मी ते शोधत बसलो होतो.

"शोधू नको. यात कोणाची चोरी नसते," भाऊ म्हणाले. "दोन बाजू, दोन भाव. हे एक वेगळं खातं काढायचं, 'विनिमय फरक'. उरलंसुरलं त्याच्यात टाकायचं अन् पुढं जायचं. नाहीतर माणूस त्या पंचवीस रुपयांपायी येडा होतो."

एका सेंटसाठी दुकानात परत जाणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मी थक्क झालो होतो.

नलूवहिनींबद्दल मात्र हसून सांगण्यासारखं फार नाही. त्या जवळच्या एका डे-केअरच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या त्या शेवटपर्यंत तिथेच. बेसमेंटला खिडकी एकच, छताला टेकलेली, हातभर रुंद. तिच्यातून आमच्या वाटेची फरशी दिसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. वहिनी संध्याकाळी त्या खिडकीखाली भाजी निवडत बसायच्या आणि माणसं पायांवरून ओळखायच्या. "भाऊजी, तुमचा डावा बूट टाचेला झिजला," असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं होतं. ओंकारला मैत्रीण आहे हे आमच्या आधी त्यांना कळलं. लाल बूट, चार वेळा. हिवाळ्यात बर्फानं ती खिडकी बुजायची, मग भाऊ बाहेर जाऊन आधी तेवढा चौकोन शोव्हल करायचे आणि नंतर गाडी. हे त्यांच्या जमेच्या बाजूला लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या वर्षी मागच्याच गल्लीत एक टाउनहाऊस विकायला निघालं. वहिनी कधी नव्हे त्या मागे लागल्या, तेव्हा भाऊ मला घेऊन बघायला गेले. छोटं होतं, पण स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी होती. वहिनी तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. भाऊ भिंतीवर टिचक्या मारत होते.

"एक कोटी तेहतीस लाख," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "या लाकडी खोक्याचे. एवढ्यात नागपूरला अख्खी लाईन येईल." मग खिडकीकडे पाहिलं, वहिनींच्या पाठीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मला ते विचारलं जे माणूस खरंच ठरवता येत नसताना विचारतो. "तुला काय वाटतं? घेऊ?"

मला काय वाटत होतं ते मला नीट ठाऊक होतं. त्यांना सहज परवडणार होतं आणि ते परत जाणार नव्हते. जुई तेव्हाच स्वप्नात इंग्रजी बोलायची. पण मला हेही ठाऊक होतं की त्यांच्या भाड्यातून आमच्या हप्त्याचा तिसरा हिस्सा निघतो.

"घाई कशाला, भाऊ," मी म्हणालो. "तुम्ही तर परत जाणार."

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी सिंकपाशी भांडी घासत होतो. जाळीतून वहिनींचा आवाज आला. भांडण नव्हतं, नुसतं बोलणं. "मला घर नको हो. एक खिडकी पाहिजे. जिच्यातून माणसाचं तोंड दिसते अशी."

जाळीला एक छोटी दांडी असते. ती सरकवली की हवाही बंद होते आणि आवाजही. मी ती पायानं सरकवली. मेधा मागे उभी होती. ती म्हणाली, "सांग ना त्यांना एकदा नीट." मी म्हणालो, "दुसऱ्यांच्या घरगुती गोष्टीत आपण पडू नये." दुसऱ्यांच्या घरगुती गोष्टी माझ्या घराखाली चालल्या होत्या आणि तिथूनच माझं घर चालत होतं, हा भाग मी सोडून दिला. सकाळी सातच्या आत दांडी पुन्हा उघडली. भाव यायचा होता.

पुढची वर्षं गेली तशी गेली. सदतीसचा रुपया साठी ओलांडून गेला, भाऊ आपल्या फाईलीत कोट्यधीश झाले आणि बेसमेंटमध्येच राहिले. त्या टाउनहाऊसची किंमत तिप्पट झाली. कुणी हा विषय काढला की भाऊ म्हणायचे, "तेव्हा पुणेकरालाही विचारलं होतं मी. तोही नको म्हणाला." मला ते एकदाही बोचून म्हणाले नाहीत, साक्षीदार म्हणून अभिमानानं सांगायचे. मी तेव्हा चहाच्या कपात बघायचो. भाडं मात्र मी तीनदा वाढवलं. दरवेळी त्यांना रुपयातलं वाढलेलं भाडं इतकं भयंकर दिसायचं, की डॉलरमधली वाढ त्यामानानं माफक आहे हे मीच त्यांना समजावून सांगायचो.

जुई शिकली, मोठी झाली, ग्वेल्फमध्ये अन्नपदार्थांच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. गेल्या शरदात एका शनिवारी ती आली आणि तिनं आम्हा दोघांनाही खाली बोलावलं. टेबलावर एका घराचे फोटो होते. ग्वेल्फमधलं टाउनहाऊस, तळमजल्यावर एक खोली, समोर रस्ता, खोलीला जमिनीपासून छतापर्यंत खिडकी. वहिनींचे गुडघे आता जिना नको म्हणत होते.

"लोनसाठी मी एकटी क्वालिफाय नाही होत आहे, काका," जुई मला म्हणाली. "आईबाबांनी डाउन पेमेंट केलं तर होतं. पण बाबा..."

बाबांनी प्रिंट काढून ठेवली होती. "चार कोटी तेवीस लाख," त्यांनी कागद आपटला. "चार कोटी. माझ्या आज्यानं चार हजार पाहिले नव्हते."

"बाबा, सीरियसली, रुपयांत नका ना बोलू."

"मग कशात बोलू? अन् परत जायचं तेव्हा हे खोकं काय डोक्यावर नेऊ?"

"कोणाकडे परत जायचं?" वहिनींनी विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता. त्या मेथी निवडत होत्या आणि निवडतच राहिल्या. "तुमच्या नागपूरच्या फ्लॅटच्या शेजारचे गेले. समोरचे मुलाकडे गेले. मागच्या वेळी किल्ली लावली तर कुलूप उघडेना, तेव्हा पाणीसुद्धा वॉचमननं दिलं. त्याला तरी आपलं नाव कुठं माहीत होतं?"

"पण हिशेब..."

"हिशेबाचंच म्हणते. माझा पगार इथला. दूध इथलं, गोळ्या इथल्या, गुडघे इथे झिजले. रुपयात मी काय घेते, सांगा. वीस वर्षांत एक वस्तू सांगा."

भाऊंनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. त्यांचा स्वभावच तो. प्रश्न आला की ते नोंद शोधायचे. नोंद सापडली नाही.

"जुई, नवीन फाईल उघड," वहिनी म्हणाल्या.

जुईनं स्वतःच्या लॅपटॉपवर नवीन फाईल उघडली. पुन्हा तोच प्रश्न आला, तीच बारीक अक्षरातली ताकीद आली. वहिनींनी मेथीचे हात पदराला पुसले आणि कॅनडाच्या डॉलरवर स्वतः बोट ठेवलं. अर्ध्या तासात सगळी खाती आली. नागपूरचा फ्लॅट खालच्या एका ओळीत, रुपयात, पाहुण्यासारखा अंग चोरून बसला. आकडे एकदम खुजे झाले. कोटी गेले. पण बँकेतले तीन लाख चाळीस हजार डॉलर समोर दिसले, आणि नव्या घराचा हप्ता दिसला: आत्ता मला दिलं जाणारं भाडं आणि जुईचं ग्वेल्फमधलं भाडं यांच्या बेरजेपेक्षा दीडशे डॉलर जास्त.

गणित दोन्ही फाईलींत एकच होतं हे मलाही कळतं. वर-खाली एकाच आकड्यानं भागलं की उत्तर बदलत नाही. पण माणूस उत्तर वाचत नाही, आकडा वाचतो.  डबीरभाऊंनी एकदा बेरीज हातानं करून पाहिली. मग चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे वळले.

"तू सांग, पुणेकर. तू घरवाला आहेस. घेऊ?"

नलूवहिनींचा मेथीवरचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जुईनं पाहिलं, मेधानं तर पाहिलंच.

"घ्या, भाऊ," मी म्हणालो. "आजच घ्या."

हे मी मन मोठं करून म्हणालो असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण आमचं कर्ज त्याच उन्हाळ्यात फिटलं होतं. वीस वर्षांपूर्वी माझा सल्ला महाग होता, आता फुकट देता येत होता. वहिनी पुन्हा मेथी निवडायला लागल्या. उरलेल्या काड्या त्यांनी जरा जास्तच जोरात मोडल्या असं मला वाटलं.

ते मार्चमध्ये गेले. "मार्चपर्यंत म्हणालो होतो," भाऊ सगळ्यांना सांगत होते. "शब्दाला पक्का आहे मी. साल कोणतं ते बोललो नव्हतो." रात्री बर्फ पडून गेला होता. जुईनं भाड्यानं आणलेला ट्रक दाराशी लावला होता आणि ओंकार खोकी उचलत होता. भाऊ त्याला प्रत्येक खोक्याची किंमत सांगत होते, रुपयात. ओंकार म्हणत होता, "अंकल, इट्स ओके, आय वोन्ट ड्रॉप इट."

मी किल्ली घ्यायला खाली उतरलो. रिकामं बेसमेंट मी वीस वर्षांनी पाहत होतो. भाऊ मागून आले. हातात एक प्रिंट होती, नेहमीसारखी पंच करून, कोपऱ्यात तारीख घालून.

"जुनी फाईल बंद केली काल. शेवटचा रिपोर्ट काढला," ते म्हणाले. "तुझ्यासाठी."

एकाच खात्याचा उतारा होता. खात्याचं नाव 'भाडे (तात्पुरते)'. सगळ्या महिन्यांच्या ओळी, एकही चुकलेली नाही, प्रत्येकीसमोर त्या दिवसाचा भाव. खाली बेरीज: एक कोटी चार लाख आणि वर काहीतरी. मला पहिल्यांदाच, एकही गुणाकार न करता, रुपयातला आकडा कळला. छातीवर हात ठेवावासा वाटला.

"भाऊ, त्या वेळी," मी सुरुवात केली, "ते मागच्या गल्लीतलं घर बघायला गेलो होतो तेव्हा मी..."

"घाई कशाला म्हणाला होता," भाऊ म्हणाले. "माहीत आहे मला. तुझा हप्ता किती होता ते माहीत होतं, माझं भाडं किती होतं ते माहीत होतं. एवढी बेरीज मला येते, पुणेकर."

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"ते कोणत्या खात्यावर टाकावं, बरेच दिवस समजून नाही राहिलं होतं. तुझ्या नावे टाकलं तर वसूल करावं लागते. अन् मलाही तेच ऐकायचं होतं नं त्या दिवशी. म्हणून मग विनिमय फरकात टाकलं." त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, किल्ली हातात दिली आणि जिना चढून गेले.

 मी वहिनी बसायच्या त्या जागी, खिडकीखाली, उकिडवा बसलो. बाहेर पाय ये-जा करत होते. ओंकारचे ओळखले. भाऊंचे बूट आले, खिडकीपुढचा बर्फ त्यांनी सवयीनं पायानं बाजूला सारला, आता तिथे कुणी राहत नाही हे बहुधा लक्षात येऊन थबकले आणि निघून गेले. त्यांच्यामागून वहिनींचे बूट आले. ते थांबले. मग गुडघे जपत, भिंतीला धरून वहिनी हळूहळू वाकल्या आणि काचेत त्यांचं तोंड दिसलं. त्या खिडकीतून वीस वर्षांत दिसलेलं बहुधा पहिलंच.

त्या काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही.

"चुकलं माझं, वहिनी," मी म्हणालो. "तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी कानाला हात लावून मान हलवली. त्या काचेतून आवाज बाहेर जात नाही; त्यांना ते वीस वर्षं माहीत होतं. मग हसल्या, ट्रककडे बोट दाखवलं, आणि उठून गेल्या.

छताजवळून वरच्या जाळीकडे जाणाऱ्या गरम हवेच्या नळीतून मेधाचा आवाज आला. ती वर सिंकपाशी होती.

"मला आलं हं ऐकू," ती म्हणाली. "आता वर ये आणि त्यांना बाहेर जाऊन सांग. ट्रक सुरू व्हायचाय अजून."